वाचनाची कोळंबी

चांगुबायला पाणी दिलं की ती ते लगेच प्यायची नाही. तांब्या तोंडाशी नेऊन आधी नुसतं जिभेचं टोक बुडवायची, क्षणभर डोळे मिटायची आणि मग "बरं हाय" म्हणून एका दमात तांब्या रिकामा करायची. घरी आलेल्या पाहुण्यांना हा प्रकार विचित्र वाटे. माझ्या आत्याला तर तो अपमानच वाटला होता. "आपण काय विष घालतोय का तिला?" असं ती आईच्या कानात म्हणाली. पण चांगुबायचा जन्म मिठागरात गेला होता आणि डोळ्यांपेक्षा जिभेवर तिचा भरवसा जास्त होता. "डोले फसतात गो," ती म्हणायची, "जीब फसत नाय."

एका उन्हाळ्यात तिनं तांब्या तसाच खाली ठेवला. आईला म्हणाली, "वैनी, पानी मचूल हाय. तुमच्या टाकीला खालून चीर परली. दर्याचं पानी आत येतंय." माझे वडील तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते हसले. नळाचं पाणी शुद्ध करून येतं, त्याचा आणि दर्याचा काय संबंध, हे त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. तिनंही ते नीट ऐकून घेतलं. तीन आठवड्यांनी अख्ख्या बिल्डिंगमधल्या डाळी शिजेनात, तेव्हा जमिनीतली टाकी उपसली. तळाला करंगळी जाईल एवढी चीर होती. त्या रविवारच्या मीटिंगमध्ये वडील म्हणाले, "पाण्याची चव बदलल्याचं आमच्या आधीच लक्षात आलं होतं." चांगुबायचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला त्यात काही खटकलं नाही. पुढे मी जे केलं ते कुठून शिकले असं कुणी विचारील म्हणून हे सांगते. पण त्यामागे लपायचं नाही असं मी ठरवलं आहे.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरच्या वाशीतली. तेव्हा वाशी म्हणजे थोड्या बिल्डिंगा आणि खूप वाळू. खाडीपुलावरून मुंबईला जाणाऱ्या बसा, अर्धवट रस्ते, आणि रस्ता संपला की चिखल आणि बगळे. चांगुबाय सानपाडा गावातून डोक्यावर पाटी घेऊन यायची. कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या, जे खाडीनं दिलं असेल ते. वय पन्नाशीच्या पुढे, काळी, काटक, गुडघ्यापर्यंत कासोट्याचं लुगडं, नाकात जाड मोरणी. पावलं मात्र तिच्या वयाहून वीस वर्षांनी मोठी होती. मिठागराची तळजमीन पायांनी मळून गुळगुळीत करावी लागते. ते काम तिनं लहानपणापासून केलेलं, त्यामुळे तळव्यांची कातडी पांढरी, जाड, भेगाळलेली. आमच्या मोझेक फरशीवर ती चालली की खरखर ऐकू यायची.

मिठागर आता बंद पडलं होतं आणि भाताची दोन खाचरं नव्या शहरासाठी गेली होती. ती हे रडून सांगत नसे. उलट जिन्यात टेकली की पायरीवर थाप मारून आईला म्हणायची, "वैनी, तुमी माज्या शेतात र्‍हाता. भारं दिलं नाय आजून." आई हसायची, पण जरा ओशाळून. वडील घरात असले तर पेपर वर धरायचे.

माझं नाव शुभदा. मी आठवीत होते आणि माझं इंग्रजी कच्चं होतं. वडिलांनी त्यावर एक उपाय काढला. रोज दुपारी इंग्रजी पुस्तकाची चार पानं मोठ्यानं वाचायची आणि प्रत्येक परिच्छेदाचा अर्थ मराठीत मोठ्यानंच बोलायचा. ते कचेरीत असल्यामुळे लक्ष ठेवायचं काम आईकडे. आई स्वयंपाकघरातून फक्त आवाज चालू आहे ना एवढं बघायची. मामानं माटुंग्याच्या रद्दीवाल्याकडून एक जुनं पुस्तक आणून दिलं होतं. जाड पुठ्ठ्याचं, पिवळ्या पानांचं, आत कुणा मुलीचं नाव जांभळ्या शाईत लिहिलेलं. त्याला मी कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं. पाठीवर बरोबर तेवीस तारीख आली होती, मोठ्या लाल आकड्यांत.

गोष्ट होती क्लारा नावाच्या मुलीची. वय सतरा, स्वतःची मोटार, हातात बॅटरी, आणि जिथे जाईल तिथे काहीतरी गूढ. या पुस्तकात ती सुट्टीत मावशीच्या रँचवर जाते. मावशी विधवा. हजारो एकर जमीन, गुरं, घोडे. आणि एका सकाळी रँचची एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर खारी होते. गुरं तहानेनं हंबरायला लागतात. जुन्या माणसांचा शाप, कुंपण तोडणारा अनोळखी इसम, लंगडणारा स्वयंपाकी, मावशीचा कारभार बघणारा मुकादम, असा सगळा माल ठासून भरलेला.

मी दारातल्या स्टुलावर बसून वाचत असे, कारण तिथे वारा यायचा. चांगुबाय पाटी रिकामी करून आमच्या जिन्यात विसावायला टेकायची. तिसऱ्या दिवशी मी पान संपवून पुस्तक मिटलं, तर मागून आवाज आला, "मिटलं कं? हीर खारी जाली, आन् तू मिटतंस?"

"आजची चार पानं झाली, चांगुबाय."

"चार कोनी ठरवली? गुरं तानेली हायेत तिकरं!"

मी पाचवं पान वाचलं. दुसऱ्या दिवशी तिनं आईला कोळंबी मोजून दिली आणि वर एक मूठ वेगळी टाकली. "ही वाचनाची," म्हणाली. आईनं नको म्हटलं तर पाटी उचलून उभी राहिली. "फुकट ऐकू कं मी? मी काय भिकारीन हाय?" तेव्हापासून आमच्या घरात वाचनाची कोळंबी हा शब्दच पडून गेला.

माझ्या आयुष्यात नंतर अनेकांनी माझं बोलणं ऐकलं. मी पंचवीस वर्षं शिकवलं आहे. पण चांगुबायसारखं ऐकणारं कुणी मिळालं नाही. ती गोष्टीत घुसायची. क्लारा अंधाऱ्या तबेल्यात शिरली की ही दोन्ही हातांनी गुडघे आवळून बसायची. क्लारा मोटारीतून एकटीच शहरात गेली की हिला राग यायचा. "हिला आय नाय कं? सतरा वर्सांची पोर, गारी घेऊन हिंडते. कोन इचारत नाय?" क्लारा आणि तिच्या मैत्रिणी दर दोन पानांनी काहीतरी खायच्या, केक, पाय, सँडविच. त्यावर चांगुबाय बोटं मोडून दाखवायची. "परत खाल्लं! हीर खारी, गुरं मरायला टेकली, आन् ह्या खातायत!" आणि मग हळूच, "काय खाल्लं म्हनतंस? परत सांग."

रँच म्हणजे काय हे तिला समजावणं हे मोठंच काम होतं. मी म्हटलं, गुरं पाळायची मोठी जागा, गुराखी घोड्यावर बसून गुरं राखतात. ती विचारात पडली. "गुराखी घोर्‍यावर? मंग मालक कशावर?" जमीन किती म्हणून विचारलं, तेव्हा मी पुस्तकातला आकडा सांगितला. ती म्हणाली, "येवरी जमीन आन् येकली बाई. शाप नाय न् बिप नाय. कोन तरी टपलंय तिच्यावर."

चौथ्या प्रकरणात क्लारा विहिरीपाशी जाते. तिथे एक साधं वाक्य होतं. तहानेली गुरं विहिरीच्या कडेचे दगड चाटत होती. मी अर्थ सांगितला आणि पुढे वाचायला लागले, कारण पुढच्याच ओळीत क्लाराला फाटलेला हातमोजा सापडणार होता. चांगुबायनं माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब. काय चाटत व्हती?"

"दगड."

"सुके दगर?"

"हो. त्याचं काय?"

ती हसायला लागली. आधी गालात, मग मोठ्यानं. मांडीवर थाप मारून म्हणाली, "अगो, मीठ सांडलंय तिथं! तानेलं गुरू सुका दगर कशाला चाटंल? गोनी रिकामी करताना कडेला सांडली. हीर खारी जाली नाय, खारी केली."

मला खरं वाटेना. तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते एखाद्या पुस्तकात असतं तर मी अधोरेखित करून ठेवलं असतं. विहीर आपणहून खारी होते तेव्हा ती एका रात्रीत होत नाही. आधी बांधाकडचं गवत करपतं. मग पाणी मचूळ लागतं, मग डाळ शिजत नाही, मग माडाला फळ कमी धरतं. दोन-तीन पावसाळे जातात तेव्हा कुठे पाणी तोंडात धरवत नाही. "आन् ह्यांचं गवत तं हिरवं हाय. मघाशीच वाचलंस." खरंच होतं. दुसऱ्या प्रकरणात क्लारा त्या हिरव्या गवतावर बसून केक खाते. "ही पोर बत्ती घेऊन फिरते," चांगुबाय म्हणाली, "पन चाटून बगत नाय येकदा. दगर चाटला असता तं पुस्तक इथंच संपलं असतं."

"मग टाकलं कुणी? लंगडा स्वयंपाकी?"

"लंगड्याला गोनी उचलंल कं? तो मुकादम हाय ना, मावशीला दर वेलेला म्हनतो, इका, इकून टाका. तो. जो इका इका म्हनतो, तोच असतो."

त्या संध्याकाळी मी चोरून शेवटची प्रकरणं चाळली. अर्थ निम्माशिम्माच लागला, पण मीठ आणि मुकादम दोन्ही बरोबर होतं. क्लाराला तिथवर पोचायला अठरा प्रकरणं लागली होती. दुसऱ्या दिवशी मी हे चांगुबायला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा काही फुलला की मी तो कधी विसरणार नाही. ती म्हणाली, "बग! मिठागर बंद जालं तवा मना वाटलं, आपली अक्कल पन गेली त्याच्यासंगती. आता कोनाला पायजे? आन् ती कामाला आली कुटं, तं घोर्‍यांच्या देशात!" मग तिनं घाईनं मला बजावलं, "पन पुडचं नको सांगू. जमीन रायली कं गेली ते नको सांगू. ते वाचूनच ऐकनार."

आम्ही नवव्या प्रकरणापर्यंत गेलो. तिथेच आमचं वाचन थांबलं, आणि ते मी थांबवलं.

शाळेत शनिवारी आमच्या वर्गशिक्षिका प्रत्येकाला वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला लावत. माझी पाळी आली. वर्गात इंग्रजी पुस्तक वाचणारी मी एकटी, त्यामुळे आधीच मान ताठ. मी ठरवून गेले होते की चांगुबायनं रहस्य कसं ओळखलं ते सांगायचं. खरंच ठरवलं होतं. पण सुरुवातीला मी तिची नक्कल केली, सहज. "गुराखी घोर्‍यावर? मंग मालक कशावर?" वर्ग खदखदून हसला. आमच्या वर्गात कॉलनीतली मुलं पुढे बसायची आणि गावातली मागे. हसली ती पुढची. माझ्या बोलण्यावर इतके जण हसले असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मी आणखी केली. पाटी डोक्यावर धरल्यासारखे हात केले, खरखर चालून दाखवलं, पाण्यात जीभ बुडवून दाखवली. बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्यांनी विचारलं, "पण काय गं, मीठ टाकलं हे कसं कळलं?"

आता इतकी वेडी ठरवलेली बाई अचानक शहाणी कशी करायची? मी म्हटलं, "बाई, गुरं दगड चाटत होती ना, त्यावरून मी ओळखलं."

टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या वर्गात एक गुप्तहेर आहे तर!" मी खाली बसताना मागे पाहिलं. शेवटून दुसऱ्या बाकावर रंजना बसली होती. चांगुबायची नात. ती टाळ्या वाजवत नव्हती आणि रडतही नव्हती. वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलनं काहीतरी गिरवत होती. रंजना आपल्या वर्गात आहे हे मला माहीत नव्हतं असं मी स्वतःला पुढे कित्येकदा सांगून पाहिलं. माहीत होतं.

एकदा जीभ घसरली, असं म्हणून सोडता आलं असतं. पण बाईंना ते इतकं आवडलं की पुढच्या शनिवारी सगळ्या शाळेसमोर सांग म्हणाल्या. माझ्याकडे पूर्ण आठवडा होता. त्या आठवड्यात मी आरशासमोर तालीम केली. नक्कल अधिक चांगली बसवली. आणि दुसऱ्या शनिवारी मैदानावर, माइकवर, तीच गोष्ट तशीच सांगितली. घसरलेल्या जिभेला तालीम लागत नाही.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर रंजना माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. हात धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजीला मी नाय सांगितलं. तू सांग."

सोमवारी दुपारी चांगुबाय नेहमीसारखी जिन्यात टेकली. पाणी चाखलं, "बरं हाय" म्हणाली, पाय पसरले. "हां, काड पुस्तक. घोर्‍याला कोनी सोरला ते रायलंय."

मला तिच्यासमोर बसून वाचायचं धैर्य झालं नाही. म्हटलं, "पुस्तक हरवलं, चांगुबाय."

"हरवलं?" तिनं मान वळवून आत बघितलं. समोरच्याच फळीवर, भूगोलाच्या पुस्तकाशेजारी, तेवीस तारीख आमच्या दोघींकडे बघत होती. चांगुबायला अक्षर येत नव्हतं, पण ते कव्हर तिनं महिनाभर रोज पाहिलं होतं. तिची नजर त्या लाल आकड्यांवर टेकली आणि परत माझ्याकडे आली. मी मान खाली घातली. तिच्या भेगाळलेल्या टाचा तेवढ्या दिसत राहिल्या.

"गावंल," ती म्हणाली. "घरातली वस्तू कुटं जात नाय."

त्यानंतर सगळा पावसाळाभर ती विचारायची, "गावलं कं गो?" मी म्हणायची, "नाही." आणि या सगळ्या काळात ती कोळंबी मोजून झाल्यावर वर एक मूठ टाकतच राहिली. आई एकदा म्हणाली, "अहो, आता कुठे वाचतेय ती?" चांगुबाय म्हणाली, "वाचंल. तिची हाय ती, र्‍हाऊ द्या." त्या दिवसापासून मला कोळंबी खाववेना. अंगावर पित्त उठतं असं मी घरात सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. आईनं ती मूठ कधी परत केली नाही. माझ्या ताटासमोर बसून वडील आणि भाऊ वाचनाची कोळंबी खात असत.

तिला माझं शाळेतलं बोलणं कळलं होतं का, हे मला समजायला मार्ग नव्हता. रंजना शब्दाची पक्की होती. पण गावातली पंधरा-वीस पोरं त्या मैदानावर होती. चांगुबायच्या वागण्यात तसूभर फरक पडला नाही. मला वाटायचं, तिनं एकदा तरी बोलावं. तिनं बोलावं म्हणजे मला रडता येईल आणि प्रकरण संपेल, असा माझा स्वार्थी हिशेब. ती बोलली नाही. पुढच्या वर्षी तिचे गुडघे गेले, पाटी सुनेकडे गेली आणि आमच्या जिन्यातली ती खरखर बंद झाली.

चांगुबाय गेल्याला आता बरीच वर्षं झाली. ती आजारी आहे हे मला कळलं होतं आणि पुस्तक घेऊन जावं असं माझ्या मनात दोनदा आलं होतं. एकदा परीक्षा होती. दुसऱ्यांदा काय होतं ते आठवत नाही, म्हणजे काही नव्हतं. पण त्याआधी एकदा आमची भेट झाली, रंजनाच्या लग्नात. तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. रंजना स्वतः पत्रिका घेऊन आली. दारातच म्हणाली, "आजी म्हनाली, सुबदाला आदल्या दिवसापासून बोलव." मला नाही म्हणायला तोंड नव्हतं.

दुपारची वेळ होती. सानपाड्यात त्यांच्या अंगणात मांडव, आणि मांडवाखाली दहा-बारा बायका सुपं घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या. मधोमध चांगुबाय, पाय पसरून. केस पांढरे झाले होते. मला पाहून तिनं शेजारची जागा हातानं झाडली. "बस." एक बाई म्हणाली, "चांगुआय, ती हीरवाली गोस्ट सांग ना." बाकीच्यांनीही धोशा लावला. ती त्यांची आवडती गोष्ट होती हे उघड होतं.

आणि चांगुबाय सांगायला लागली. माझं पुस्तक. आम्ही वाचलेल्या नऊ प्रकरणांतला एकही बारकावा सुटला नव्हता. हजारो एकराची जमीन, येकली मावशी, घोड्यावरचे गुराखी. "गुराखी घोर्‍यावर, तं मालक कशावर?" इथे बायका हसल्या, आणि ते हसू माझ्या वर्गातल्या हसण्यासारखं अजिबात नव्हतं. फक्त एक बदल होता. गोष्टीतल्या हुशार मुलीचं नाव क्लारा नव्हतं. "तिचं नाव सुबदा," चांगुबाय म्हणाली. "लय शानी पोर. सगले म्हनतात शाप, शाप. ती म्हनाली, गुरं सुके दगर कशाला चाटतील? तिनं वलखलं, मीठ सांडलंय."

मी मैदानावर माइकवर जसं सांगितलं होतं, तसंच. श्रेय मला दिलेलं. म्हणजे तिला सगळं कळलं होतं, त्याच आठवड्यात कळलं असणार. आणि तिनं ते खोडून काढलं नव्हतं. माझा शब्द खोटा पडू नये म्हणून गेली सात वर्षं ती ही गोष्ट अशीच सांगत आली होती.

एका तरुण बाईनं विचारलं, "पन आय, त्या पोरीला मिठाची मायती कशी?"

चांगुबायचा हात सुपात थांबला. ती माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "असंल कोनी सांगतलं. शानी पोरं इचारतात मोट्यांना."

मी उठून उभी राहिले, बहुतेक शाळेत उभी राहायचे तशीच, आणि म्हणाले, "ती शुभदा मीच. आणि मी काहीच ओळखलं नव्हतं. चांगुबायनं ओळखलं. मी शाळेत खोटं सांगितलं."

मग एक म्हातारी कौतुकानं मान हलवत म्हणाली, "बगा, शिकलेली पोर, पन कवरं मोटं मन! सगलं आपल्या चांगुला देऊन टाकलं." दुसरी म्हणाली, "संस्कार हायेत." कुणीतरी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी "नाही हो, खरंच" म्हणत राहिले आणि जितकं म्हणाले तितकी थोर होत गेले. नळावर रंजनानं "तू सांग" म्हटलं तेव्हा हेच वाक्य बोलले असते तर ते खरं म्हणून ऐकलं गेलं असतं. आता त्याचा विनय झाला होता.

बायका जेवायला उठल्यावर आम्ही दोघीच राहिलो. मी तिला म्हटलं, "चांगुबाय, सांगितलं तरी कुणी ऐकलं नाही गं."

ती सुपातले खडे वेचत होती. "पान्यात गेलेलं मीठ परत काडता येतं," ती म्हणाली. "पन ऊन खात बसावं लागतं. घाईचं काम नाय ते." ती रागावली होती का, मला क्षमा केली होती का, तिच्या आवाजावरून कळेना. मिठागराबद्दल ती नेहमी ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात बोलली.

मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याजवळ सरकली. आवाज खाली आणला, जिन्यात ऐकताना क्लारा तबेल्यात शिरली की आणायची तसा.

"येक सांग. पुस्तक हरवलं तवापासून माज्या मनात हाय. ह्या बायका पन इचारतात, मी म्हनते ठाव नाय. त्या मावशीची जमीन रायली कं गो?"

घरी फळीवर, तेवीस तारखेच्या आत, ते उत्तर सात वर्षं पडून होतं.

"राहिली," मी म्हटलं. "सगळी राहिली. मुकादमाला पकडून नेलं. विहीर उपसली, पाणी परत गोड झालं. शेवटच्या पानावर मावशी कुंपणापाशी उभी राहून बघते, तिचीच सगळी."

चांगुबायनं मांडवाबाहेर बघितलं. अंगण संपायचं तिथून पुढे आमच्या कॉलनीच्या बिल्डिंगा दिसत होत्या, एकामागे एक, टाक्यांसकट. तिनं जिभेचं टोक ओठांवरून फिरवलं.

"बरं जालं," ती म्हणाली. "कोनाची तरी रायली."